शून्याने सुरू होणारा आकडा

२ मार्च

प्रिय मामा,

फोन करत नाही, लिहितेच आहे. मागच्या वेळी मी फोनवर ‘पगार झाला’ म्हटलं, ते तू ‘आजार झाला’ असं ऐकलंस आणि मामी अर्ध्या तासात आमच्या दारात हजर झाली. तेव्हापासून आईने सक्त ताकीद दिलीय, की तुला जे सांगायचं ते मेलवर, शुद्ध अक्षरात.

तर बातमी ही, की नोकरीत तीन महिने काढल्यावर मला एकदाचं खरं काम मिळालं. ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपायी तू आयुष्यभर मामीची बोलणी खाल्लीस, त्या भाषेचं सगळं डॉक्युमेंटेशन साफ करायचंय. पानापानावर जुन्या टिपा चिकटल्यात. ‘व्हर्जन २.१ पासून उपलब्ध.’ ‘व्हर्जन ३ मध्ये बदलले.’ ‘३.२ च्या आधी असे करू नये.’ पाचच्या खालचं कुठलंच व्हर्जन आता आम्ही सांभाळत नाही. मग आज शिकायला बसलेल्या मुलीने हे सगळं का वाचायचं? ती बिचारी घाबरते, तिला वाटतं आपल्याला काहीतरी लागू आहे.

मोजून एक हजार नऊशे चौदा टिपा आहेत. प्रत्येक वाचायची, नुसती जुनी असली तर काढायची, आजही उपयोगाचं काही सांगत असली तर नव्याने लिहायची. मी काढलेली टीप दुसऱ्या कुणीतरी तपासायची, मग तो बदल जाहीर मसुद्यात लागतो, लोक हरकती घेतात, आणि वीस एप्रिलला नवी पानं सगळ्यांना खुली. आमच्या गटाच्या प्रमुख बाई फार कडक आहेत. स्वल्पविराम चुकला तरी चष्म्यावरून बघतात.

आणि एक गंमत. कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते आमच्या बदलांच्या इतिहासात दिसतं. त्यात ‘मुंगी’ या नावाने लिहिलेल्या एकसष्ट टिपा निघाल्या. ‘मुंगी’ कोण हे या ऑफिसात फक्त मला माहीत आहे! त्या काढताना जीवावर येणार आहे. तुझी परवानगी आहे ना?

तुझी,
भिंगरी


५ मार्च

प्रिय भिंगरी,

एकसष्ट? मला वाटलं शंभर तरी असतील. म्हणजे मामी म्हणायची तेवढा काही मी वाया गेलो नव्हतो.

परवानगी कसली मागतेस. त्या टिपा म्हणजे घर रंगवताना भिंतीला लावून ठेवलेली शिडी. काम झालं, शिडी हलवायची. कुणी ती कायमची ठेवत नाही. मी लिहिल्या तेव्हाच मला माहीत होतं, की एक दिवस कुणीतरी त्या खरवडून काढणार. ते कुणीतरी तू निघालीस याचा आनंदच आहे.

माझं बरं चाललंय. मामीने बाल्कनीत कुंड्यांची इतकी गर्दी केलीय, की मला उभं राहायला एक फरशी उरलीय. कानाचं नवं मशीन घेतलं, पण त्यात पंख्याचा आवाज मोठा येतो आणि माणसांचा बारीक. त्यामुळे काढून ठेवलंय.

एक सुचवू का? सुरुवात आकड्यांच्या पानापासून कर. मजकुराचं आकड्यात रूपांतर करतात ते पान. तिथे जुन्या टिपांचा नुसता उकिरडा आहे, शिकणारे तिथेच अडखळतात. तिथली माझी एक टीप तर अगदीच बेढब आहे, ती शून्याची. ती आधी काढून टाक. आपलंच गबाळं लिखाण वर्षानुवर्षं लोकांना दिसतंय याची लाज वाटते.

ताईला सांग, गुडघ्याला शेक सोडू नकोस म्हणावं.

मामा


९ मार्च

प्रिय मामा,

तुझा हुकूम पाळला. आकड्यांचं पान झालं. खरं तर माझ्या यादीत ते सदतिसावं होतं, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हटलं, एवढं पटकन बघ ना, आणि त्याने चहा पिता पिता होकार दिला.

तुझी टीप वाचली. बेढब कुठे होती? उलट या पानावरची सगळ्यात स्वच्छ टीप ती. ‘३.४ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा आठाच्या मोजणीत वाचला जाई. म्हणजे ०२० दिल्यास (दोन दहा नव्हे, दोन आठ धरून) १६ मिळत. ३.४ पासून ०२० म्हणजे २०.’ मला दोन ओळींत कळलं. आजच्या भाषेत असं होतच नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे ती जायलाच हवी होती, गेली. पण लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फक्त एक विचारू? असं उदाहरण देताना कुणीही ०१० घेतं. ‘दहाऐवजी आठ’ हे पटकन समजतं. तू थेट ०२० वर कसा गेलास?

बाकी काम पुढे सरकतंय. डोळे चुरचुरतात. आईचा शेक चालू आहे, पण तोंडाचा पट्टाही चालू आहे.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

काढलीस, छान झालं. ०२० कसा सुचला ते आता आठवत नाही. तो विषय संपला. पुढच्या पानांना लाग.

मामा


२६ मार्च

प्रिय मामा,

विषय संपलेला नाही. तुझी मदत हवी आहे.

जाहीर मसुद्यावर आजवर सत्तावीस हरकती आल्या, सगळ्या किरकोळ. काल एक आली ती आकड्यांच्या पानावर. एका मुलीने लिहिलीय. जशीच्या तशी देते:

‘कृपया ही टीप काढू नका. माझे वडील एका पाणीपुरवठा केंद्रात ऑपरेटर होते. बारा वर्षांपूर्वी सहा ऑगस्टला नदीला गढूळ पाणी आलं, म्हणून क्लोरीन वाढवून वीस करा असा हुकूम आला. स्क्रीनवर आकड्यासाठी तीन घरं होती. वडिलांनी ०२० भरले आणि रजिस्टरात वीस लिहिले. यंत्राच्या नोंदपट्टीवर मात्र तीन दिवस सोळा निघाले. दोनशे चाळीस माणसं आजारी पडली, दोन दगावली. वडिलांनी सोळाच भरले आणि रजिस्टरात खोटे वीस लिहिले, असा निष्कर्ष काढून त्यांना कामावरून काढलं. मागच्या वर्षी मी ही भाषा शिकायला घेतली आणि या पानावर मला ही टीप दिसली. त्यातला आकडा माझ्या वडिलांचाच आहे. २८ एप्रिलला अपिलाची सुनावणी आहे. वीस एप्रिलला हे पान बदललं, तर समोरचे वकील म्हणतील की भाषेच्या अधिकृत पानावर असं काही नाहीच.’

मामा, तुझी ती दोन ओळींची टीप एका माणसाच्या कामी येतेय! तुझी कंपनी पाण्याच्या केंद्रांचीच कामं करायची ना? तुला ही केस आठवते का?

बाई म्हणतात, एका केससाठी नियम मोडता येणार नाही, ठोस कारण द्या. मी म्हणते, ती टीप लिहिणारा माणूसच दोन परिच्छेद लिहून देईल: जुनी भाषा असं करायची, मी स्वतः तपासलं होतं. तुझ्या शब्दाला वजन आहे. देशील ना? घाई आहे.

तुझी,
भिंगरी


३० मार्च

प्रिय भिंगरी,

केस आठवते, उडत उडत. त्या वेळी वर्तमानपत्रांतून आलं होतं. चौकशी झाली होती, जाणत्या माणसांनी केली होती. त्यांनी काही विचार केला असेलच ना?

माझा सल्ला ऐक, या भानगडीत तू पडू नकोस. तुझ्या बाई म्हणतात ते बरोबर आहे. नियम सगळ्यांना एक. आज एकीसाठी टीप ठेवलीस की उद्या दहा जण येतील. तुझी नोकरी नवी आहे. त्यातून ती टीप तुझ्या मामाने लिहिलेली आणि तूच यादी सोडून आधी काढलेली, हे बाहेर आलं तर तुलाच अवघड जाईल.

आणि माझ्या लिहून देण्याला अर्थ नाही. ती टीप मी खूप नंतर, पुढच्या वर्षी केव्हातरी, कुठे वाचनात आलं म्हणून लिहिली होती. मी काही त्या केंद्रावर गेलेलो नाही. जुनं उकरून कुणाचं भलं होत नाही. ते वर्ष आपल्यालाही कसं गेलं ते तुला आठवत असेल.

डोळ्यांत थेंब टाकत जा.

मामा


४ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

टिपेची तारीख लिहून दिली तर बाई ऐकतील, असं वाटून मी इतिहास उघडला. तुमच्या मते पुढचं वर्ष दिसायला हवं होतं. तिथे दिसलं: मुंगी, १७ ऑगस्ट. त्याच वर्षीचा. पाणी बिघडलं त्याच्या अकराव्या दिवशीचा.

मी स्वतःची समजूत घातली. माणूस तारखा विसरतो. पेपरात वाचलं असेल, डोक्यात आलं असेल, टीप लिहिली असेल. मग त्या मुलीकडे चौकशीची कागदपत्रं मागितली. तिने काल पाठवली, फोनवर काढलेले फोटो, वाकडेतिकडे. साक्षीदार क्रमांक चार: केंद्राचा प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनियर. खाली सही. ती सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तीन वर्षं आहे, मामा. मी खुर्चीतून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

साक्षीची तारीख १९ ऑगस्ट. प्रश्न: प्रोग्रॅममध्ये दोष होता का? उत्तर: ‘प्रोग्रॅम जसा लिहिला होता तसाच चालला.’

सतराला तुम्ही जगाला सांगितलंत, की ०२० दिले की सोळा मिळतात. एकोणिसाला त्या खोलीत बसून ते सांगितलं नाहीत.

मी काहीतरी चुकीचं वाचतेय का? असेन तर सांगा. मला चुकायचंय. आईला यातलं काही बोललेले नाही.

भिंगरी


१२ एप्रिल

मामा,

आठ दिवस झाले. मामी फोनवर म्हणते तुमची तब्येत ठणठणीत आहे, सकाळी फिरायला जाता. म्हणजे पत्र मिळालंय.

अठरा तारखेला बाई हरकतींवर निर्णय घेणार आहेत. त्या सकाळी मी त्यांना सगळं सांगणार: टीप कुणी लिहिली, ती आधी काढायला कुणी सांगितलं, आणि मी ते प्रश्न न विचारता केलं. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. तुमची बाजू असेल तर त्याआधी येऊ दे. मग म्हणू नका की पोरीने विचारलं नाही.

भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरी,

तू मला दोन पत्रांत ‘तुम्ही’ म्हणालीस. पाळण्यात होतीस तेव्हापासून असं झालं नव्हतं. त्याची तक्रार करत नाही, फक्त लक्षात आलं एवढं सांगतो.

तू काही चुकीचं वाचलेलं नाहीस.

ती स्क्रीन मी लिहिली. आधी आकड्याला दोन घरं होती. मोठ्या केंद्रांना शंभराच्या वरचे आकडे लागायला लागले म्हणून त्या जुलैत मी तीन केली, आणि तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा नियम घातला. नीटनेटकं दिसावं म्हणून. वीस भरायचे तर पुढे शून्य लावण्यावाचून त्या माणसाला गत्यंतर नव्हतं. केंद्रावर भाषेचं ३.३ चालू होतं. शून्याने सुरू होणारा आकडा ती आठाच्या मोजणीत वाचते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढं एक खरं मान. ३.४ मध्ये ते बदललं होतं, पण कुणी कुठे लिहिलं नव्हतं.

केंद्र बंद झाल्यावर मी आठवडाभर शोधत होतो. सोळा ऑगस्टला दुपारी ०२० भरले आणि सोळा आले. मी परत भरले. परत सोळा. तसाच कंपनीच्या मालकांच्या खोलीत गेलो. त्यांनी दार लावलं. म्हणाले, ‘हे भाषेचं वागणं आहे, आपला दोष नाही. तुला शून्याबद्दल कुणी विचारणार नाही. विचारतील तेवढंच सांग.’

घरी आलो तर तू आणि ताई जेवायला थांबला होतात. तुझे बाबा गेल्याला दोन महिने झाले होते, तुम्ही दोघी आमच्याकडे राहायला आला होतात. तू कपाटातला एक खण तुझा म्हणून ठरवला होतास आणि त्यावर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला होतास. माझी नोकरी गेली तर या दोघींचं काय, हे माझ्या डोक्यात आलं. खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी मी ती टीप लिहिली. मला वाटलं, मी लपवलं नाही. सगळ्या जगासमोर मांडलंय, ज्याला हवं त्याने वाचावं. उदाहरणात मुद्दाम तोच आकडा घातला. चौकशीतल्या एखाद्या हुशार माणसाने ते पान उघडलं असतं तर सगळं सुटलं असतं आणि मला बोलावंही लागलं नसतं. कुणी उघडलं नाही.

एकोणिसाला मी आणि तो ऑपरेटर बाहेर एकाच बाकावर बसलो होतो. मी कोण हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “साहेब, मी वीसच भरले होते हो. यंत्र असं बदलून दाखवतं का कधी?”

मी म्हणालो, “आत विचारतील, तेव्हा बघू.”

तो म्हणाला, “तुम्ही सांगाल ना? मला त्यातलं कळत नाही.” मी मान हलवली. ‘हो’ म्हणून हलवली. मग आत गेलो आणि ते वाक्य बोललो. घोटून ठेवलं होतं मी ते. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

पुढच्या महिन्यात स्क्रीन परत दोन घरांची केली. कागदावर कारण दिलं: सोय.

जानेवारीत अपिलाबद्दल कंपनीकडून मला पत्र आलं होतं. मला माहीत होतं, भिंगरी. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे तुला सांगताना जास्त लाज वाटते. बारा वर्षांपूर्वीचं भीतीने केलं होतं. हे थंड डोक्याने केलं, आणि तुझ्या हातून केलं.

बाईंना सगळं सांग. माझं नाव घे.

मामा


१८ एप्रिल

मामा,

सांगितलं.

बाईंनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच बोलले. त्यांनी एकच विचारलं, “तुझ्या शेजाऱ्याने टीप वाचून होकार दिला की न वाचता?” मी म्हटलं, “न वाचता, मी घाई केली म्हणून.” मला लेखी ताकीद मिळाली, आणि सहा महिने माझं प्रत्येक पान त्या स्वतः तपासणार. त्या बिचाऱ्यालाही बोलणी बसली. तो माझ्याशी बोलत नाहीये.

टीप मात्र परत आली. बाईंनी स्वतः लावली. म्हणाल्या, “नियम नवशिक्याची वाट मोकळी करायला आहे. कुणाचा पुरावा पुसायला नाही.” इतिहासाचं पान, मुंगी, सतरा ऑगस्ट, ते शिक्का मारून त्या मुलीला पाठवलंय.

पण त्यावर ‘मुंगी’ आहे. मुंगी म्हणजे कोण, हे शिक्का सांगत नाही. ते स्वतःच्या माहितीवरून सांगणारी दोनच माणसं आहेत. एक मी.

आता तुझ्या पत्राबद्दल. त्यातलं कपाटाचं वाचून मला रडू आलं आणि नंतर संताप आला. मी चौदा वर्षांची होते. मला कुणी विचारलं नव्हतं. त्या मुलीचं वय विचारलं मी तिला. त्या वर्षी ती नऊची होती. तिलाही एखादा खण असेलच की घरात. माझं आणि आईचं नाव त्या कारणात पुन्हा घेऊ नकोस. तू घाबरला होतास, एवढंच म्हण. ते मला समजतं.

अठ्ठावीसला तू जाणार आहेस का? तू गेला नाहीस तर मी जाईन. तसं तिला कळवलंय.

भिंगरी


२२ एप्रिल

भिंगरी,

मी जातो. तू येऊ नकोस. तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही.

मामीला काल सांगितलं. ती कुंडीतली माती उकरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याची बायको आहे का?” मी म्हटलं, मला माहीत नाही. “बारा वर्षांत एकदाही चौकशी केली नाहीत?” तेव्हापासून ती जेवायला वाढते, पण ताट खाली ठेवताना आवाज होतो. तेवढा मलाही ऐकू येतो.

ताईकडे रविवारी येऊन मी स्वतः सांगतो. तू आधी काही बोलू नकोस.

मामा


३ मे

मामा,

पाच दिवस झाले. त्या मुलीने ‘साक्ष झाली, निकाल बाराला’ एवढंच कळवलं, पुढे काही नाही. मामी फोन उचलत नाही. आई तू येऊन गेल्यापासून तुझं नाव काढत नाही, आणि तरी दर तासाला मला विचारते, मेल आली का.

तू बरा आहेस का, एवढं एक ओळीत लिही. रागावलेय मी, पण काळजी वेगळी असते.

भिंगरी


१३ मे

प्रिय भिंगरी,

बरा आहे. निकाल लागेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धवट सांगितलं असतं तर पुन्हा मी त्यात माझ्या सोयीचं काहीतरी घातलं असतं.

अठ्ठावीसला खोलीत आठ-दहा माणसं होती. लांब टेबल, पलीकडे समितीचे तिघं, कडेला लेखनिक. ऑपरेटर समोरच्या रांगेत, शेजारी मुलगी. तो आता पार वाळलाय. मला त्याने ओळखलं, नजर वळवली.

मी सगळं सांगितलं. तीन घरं, शून्य, सोळा तारखेची दुपार, मालकांची बंद खोली, सतराची टीप, एकोणिसाचं वाक्य. समोरचे वकील उठले. मला ऐकू आलं नाही म्हणून त्यांना पहिला प्रश्न दोनदा विचारावा लागला. त्यांना वाटलं मी टाळतोय. “बारा वर्षं गप्प राहिलात, मग आत्ताच बोलायची इच्छा कशी झाली?”

मी म्हणालो, “ती टीप काढली जात होती.”

“कोण काढत होतं?”

“मीच काढायला लावली होती.”

समितीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुम्ही पुरावा नष्ट करायचा प्रयत्न केलात, असं लिहून घेऊ?” मी म्हणालो, “लिहून घ्या.” तुझं नाव त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि तिला काहीही माहीत नव्हतं हेही लिहून घ्यायला लावलं.

मधल्या सुट्टीत मी बाहेर उभा होतो. ऑपरेटर माझ्याकडे आला. मुलगी कोपर धरून मागे ओढत होती, तरी आला.

“तिसरं घर रिकामं ठेवलं तर ते पुढे जायचं नाही,” तो म्हणाला.

“हो. तसं मीच केलं होतं.”

“मी आधी रिकामं ठेवून बघितलं होतं. दोनदा. मग शून्य लावलं.”

“बरोबर केलंत तुम्ही. दुसरा मार्गच नव्हता.”

त्याने मुलीच्या हातून कोपर सोडवून घेतलं. “दोन माणसं मेली होती,” तो म्हणाला. “मला वाटायचं, खरंच माझा हात चुकला असेल. रजिस्टर लिहिताना नाही, भरताना. पुढे पुढे माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता.” एवढं बोलून तो आत गेला. मी माफी मागणार होतो. त्याने वेळ दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

काल निकाल होता. त्याच्यावरचा ठपका पूर्ण काढला. जुना निष्कर्ष रद्द. माझ्या आणि मालकांच्या विरोधात वेगळी चौकशी लागणार आहे, कागद येतील. वकील कर म्हणून मामी मागे लागलीय. म्हणजे ती बोलायला लागली. ताईला मी रविवारी पुन्हा येऊन भेटेन, दार उघडलं नाही तर जिन्यात बसेन.

निकाल वाचून झाल्यावर सगळे उठायला लागले. ऑपरेटर उठला नाही. लेखनिकाला म्हणाला, “ती रजिस्टरची ओळ परत वाचता का?”

लेखनिकाने अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. त्याने वाचलं: “ऑपरेटरने वीस हा आकडा भरला होता. रजिस्टरातील नोंद खरी होती.”

“पुन्हा,” ऑपरेटर म्हणाला.

लेखनिकाने पुन्हा वाचलं. खुर्च्या सरकवणारी माणसं थांबली होती. मुलीने तोंडावर ओढणी धरली होती. ऑपरेटर मात्र समोर बघत होता, ओठ हलवत होता, पाठ करत असावा. मग उठला आणि दोघं बाहेर पडली.

मी मुद्दाम दहा मिनिटं थांबून उतरलो. खाली बसस्टॉपवर ती दोघं उभी होती. तो तिला हातवारे करून काहीतरी समजावत होता, बोटांनी हवेत तीन चौकोन काढत होता. मी रस्ता ओलांडला आणि पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेलो.

मामा